घरं भाड्याने देणाऱ्या एजन्सीत सुट्टीतली नोकरी: शिकायला काय मिळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत दहा आठवडे घरं भाड्याने देणाऱ्या एका एजन्सीत काम मिळालंय. मैत्रिणी म्हणतात, कुलपं उघडायची, घरं दाखवायची, झालं. त्यापेक्षा कुठेतरी इंटर्नशिप बघ. यातून खरंच काही शिकायला मिळतं का? आणि बायोडेटात त्याचं काय लिहायचं?"

सत्तावीस वर्षं या धंद्यात काढली आणि सुरुवात अशाच सुट्टीतल्या कामाने झाली, तेव्हा माझं मत जरा धंद्याच्या बाजूने झुकलेलं असणार हे आधीच सांगतो. मैत्रिणी निम्म्या बरोबर आहेत. कुलपं उघडावी लागतील, जिने चढावे लागतील. वेळ ठरवलेले बरेचसे लोक येणारच नाहीत, आणि आलेल्यांपैकी एखादा घर बघायचं सोडून खिडकीत उभा राहून अर्धा तास फोनवर बोलेल. पण डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वर्षा-दीड वर्षाने तिसऱ्याच माणसाला पटेल अशी आज कागदावर कशी उतरवायची, हे मला याच कामाने शिकवलं. तेही माझी चूक दुसऱ्याला महागात पडल्यावर.

एकोणीस वर्षांचा होतो. एका रिकाम्या घराची यादी करायला मला पाठवलं. यादी म्हणजे भाडेकरू राहायला येण्याआधी घर आणि घरातलं सामान कुठल्या अवस्थेत आहे याची नोंद. धंद्यात सगळे तिला इन्व्हेंटरीच म्हणतात. हातात छापील फॉर्म, प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना. बाथरूममधल्या बेसिनवर नळाच्या बुडापासून जाळीपर्यंत केसाएवढी रेघ होती. मला ती दिसली. बोट फिरवून पाहिलं, हाताला काही लागलं नाही. पुढच्या घराची वेळ झाली होती, मी रकान्यात 'ठीक' लिहिलं आणि निघालो.

पुढच्या वर्षीच्या सुट्टीत मी पुन्हा तिथेच होतो. चौदा महिन्यांनी तो भाडेकरू घर सोडून जात होता. रेघेचा आता तडा झाला होता, पाणी झिरपून खालचं कपाट फुगलं होतं. मालकाने बेसिन, कपाट आणि मजुरी असा सगळा खर्च डिपॉझिटमधून कापायला सांगितलं. भाडेकरू म्हणाला, "मी आलो तेव्हाच रेघ होती." साहेबांनी फाइल काढली. माझ्या अक्षरात 'ठीक' होतं, खाली भाडेकरूची सही होती. मी पुढे होऊन सांगितलं की रेघ होती, मी पाहिली होती. मालकाने एकच प्रश्न विचारला, "मग लिहिली का नाहीत?" त्याला उत्तर नव्हतं. पैसे कापले गेले. त्या माणसाने माझ्याकडे रागाने पाहिलंसुद्धा नाही, खाली मान घालून किल्ल्या मोजत राहिला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

तुम्हालाही पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात याद्या करायला पाठवतील, कारण जुन्या माणसांना ते काम कंटाळवाणं वाटतं. नाही म्हणू नका. माझी पद्धत सांगतो. दारातून आत शिरलं की डावा हात भिंतीला धरल्यासारखा ठेवायचा आणि खोलीला फेरी मारून पुन्हा दाराशी यायचं. प्रत्येक खोलीत क्रम तोच: छत, भिंती, खिडक्या, दार, जमीन, मग सामान. क्रम ठरलेला असला की राहून गेलेली गोष्ट आपोआप खुपते. दारामागची भिंत जवळजवळ सगळे विसरतात, कारण आपण दार उघडं टाकून खोली बघतो आणि ती भिंत दाराआड जाते. दाराची मूठ आपटून पडलेला खळगा नेमका तिथेच असतो. गादी उलटून पाहायची. ओव्हन असेल तर उघडून आत डोकवायचं. प्रत्येक नळ मिनिटभर सोडायचा आणि सिंकखालच्या कपाटात हात घालून पाइपाचा सांधा चाचपायचा. तेवढं मी त्या दिवशी केलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

फोटो दोन घ्यायचे, आधी सबंध भिंतीचा, मग खुणेचा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. नुसता जवळचा फोटो कुठल्या खोलीतला हे वर्षभराने घेणाऱ्यालाही ओळखता येत नाही. मीटरच्या फोटोत आकडा हवा आणि मीटरचा क्रमांकही हवा. एका फळीवर दहा मीटर असले की शेजाऱ्याचं रीडिंग नोंदवलं जाणं ही रोजची गोष्ट आहे. किल्ल्या ओळीने मांडून त्यांचाही फोटो घ्या. वास मात्र फोटोत येत नाही. सिगारेट, कुत्रा, ओल, साचलेलं सांडपाणी, जे नाकाला जाणवलं ते शब्दांत लिहा. आणि आत शिरल्या शिरल्या लिहा, दहा मिनिटांत नाक सरावतं.

आता शब्द. 'चांगली अवस्था', 'किरकोळ खराब', 'थोडं जुनं' हे शब्द पहिल्याच दिवशी सोडा. 'दार: किरकोळ ओरखडे' एवढ्यावरून काहीही ठरवता येत नाही, कारण उद्या दारावर दहा ओरखडे असले तरी ते किरकोळच म्हणता येतील. 'बेडरूमचं दार, आतली बाजू, कडीखाली वीतभर अंतरावर आडवा ओरखडा, लांबी सुमारे ४ सेंमी, रंग निघालेला, लाकूड शाबूत' हे वाचून तुमच्या गैरहजेरीत दुसरा माणूस त्या दारासमोर उभा राहून ठरवू शकतो. 'स्वच्छ' हासुद्धा फसवा शब्द आहे. सफाई करणाऱ्यांकडून धुऊन घेतलेलं घर, नुसतं झाडून पुसलेलं घर आणि कचरा तेवढा बाहेर काढलेलं घर, तिघांच्याही यादीत 'स्वच्छ' लिहिलेलं मी पाहिलंय. घर सोडताना भाडेकरूने कुठल्या पातळीला आणून द्यायचं, याचा वाद तिथेच पेरला जातो.

यादी झाली की भाडेकरूला प्रत द्या आणि दुरुस्त्या सुचवायला मुदत द्या. बहुतेक जण न वाचता सही करतात. घर मिळाल्याच्या आनंदात असतात, खाली टेम्पो उभा असतो. मी त्यांना म्हणतो, "यात एक तरी चूक काढून दाखवा, मगच सही करा." मग वाचतात. आणि चूक निघते, बरेचदा खरोखरची.

यादीच्या जोडीला दुसरी गोष्ट शिकाल ती झीज आणि नुकसान यांतला फरक. माणूस घरात राहिला की जिथून रोज चालतो तिथली फरशी मळते, उन्हाने पडदे विटतात, सोफ्याच्या पाठीमागे भिंतीवर पट्टा उमटतो. ही झीज. ती मालकाच्या खात्यात. इस्त्री ठेवून जाळलेला गालिचा हे नुकसान, ते भाडेकरूच्या खात्यात. पण किती? मालक म्हणतो, नव्या गालिच्याची पूर्ण किंमत. इथे पुस्तकातला घसारा, म्हणजे वस्तू जुनी होत जाते तशी तिची घटत जाणारी किंमत, अचानक जिवंत होतो. गालिच्याचं आयुष्य १० वर्षं धरलं आणि तो ६ वर्षांचा होता, तर उरलेलं आयुष्य ४ वर्षं. मग भाडेकरूकडून मागता येतात दहापैकी चार हिस्से. जुन्याच्या जागी फुकटात नवं मिळवण्याचा हक्क मालकाला नाही. भिंतीच्या रंगाचं आयुष्य ५ वर्षं धरलं आणि भाडेकरू ५ वर्षं राहून गेला, तर रंगाचे म्हणून कापायला काहीच उरत नाही. माझ्या त्या बेसिनच्या वेळी बेसिन किती जुनं होतं हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही. त्यामुळे हल्ली वस्तू कधी घेतली हे मालकाला विचारून यादीतच लिहून ठेवतो.

डिपॉझिटचं भांडण इतकं सार्वत्रिक आहे की कित्येक देशांनी ते पैसे मालकाच्या खिशात राहूच द्यायचे नाहीत असं ठरवलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने १९७७ मध्ये कायदा करून त्यासाठी सरकारी मंडळ नेमलं. न्यूझीलंडमध्ये मिळालेली रक्कम कामकाजाच्या २३ दिवसांत सरकारी यंत्रणेकडे भरावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून ती मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते. आता त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे, ती चुकवली तर मालकाला रकमेच्या एक ते तीन पट दंड होऊ शकतो. किती घ्यायचं यालाही मर्यादा आहेत. जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, तेही पाणी-हीटिंगचा खर्च सोडून. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून एक महिन्याचं. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून बहुतेक घरांना पाच आठवड्यांचं. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, मात्र तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू. तुम्ही काम करणार आहात तिथे काय नियम आहे हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि पैसे प्रत्यक्षात कुठल्या खात्यात जातात हेही विचारा. एजन्सीचा रोजचा खर्च आणि लोकांचं डिपॉझिट एकाच खात्यातून चालत असेल, तर त्या ऑफिसात डोळे उघडे ठेवा.

हिशोबाचं म्हणाल तर रिकाम्या दिवसांचा हिशोब ही माझी आवडती गोष्ट. मालकाला भाड्याचा आकडा दिसतो, रिकामे दिवस दिसत नाहीत, कारण त्यांची पावती कुणी फाडत नाही. समजा एक जण आजच राहायला यायला तयार आहे, पण मागितल्यापेक्षा ४ टक्के कमी देतो. मालक म्हणतो, थांबू, पूर्ण देणारा येईल. तो तीन आठवड्यांनी आला. तीन आठवडे म्हणजे ५२ पैकी ३, वर्षाच्या भाड्याचे जवळजवळ ५.८ टक्के. ४ टक्के वाचवायला ५.८ घालवले. दोन आठवड्यांत आला असता तर ३.८ टक्के, म्हणजे जेमतेम बरोबरी. एक पूर्ण महिना रिकामा गेला की ८.३ टक्के गेले. हे गणित मालकासमोर कागदावर मांडून दाखवायचं, तोंडी सांगून पटत नाही. आणि मांडताना प्रामाणिकपणे हेही सांगायचं की भाडेकरू तीन वर्षं टिकला तर ४ टक्क्यांची सूट तीन वेळा द्यावी लागेल, तेव्हा गणित उलटतं. ही दुसरी ओळ एजंट सहसा सांगत नाही. घर लवकर लागलं तर त्याचं कमिशन लवकर येतं, आणि ४ टक्के कमी भाड्याने त्याच्या कमिशनमध्ये पडणारा फरक चिल्लर असतो. कुणाचं पोट कशावर चालतं हे एकदा कळलं की त्याचा सल्ला किती घ्यायचा हेही कळतं. हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगतोय.

भाडं आठवड्यावर ठरतं अशा ठिकाणी असाल तर आणखी एक सापळा: महिन्याचं भाडं म्हणजे आठवड्याच्या चौपट नव्हे. ५२ ने गुणून १२ ने भागायचं. चौपट धरलंत तर वर्षाचे चार आठवडे हवेत जातात. मी नोकरीवर घेण्याआधी प्रत्येकाला हे एक गणित घालतो, आणि पदवीधरही चुकतात.

आता ओलीबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण तक्रारींच्या वहीत हीच सगळ्यात जास्त दिसेल आणि यातच नवशिकी माणसं घाईने निकाल देतात. भिंतीवरचा काळा डाग दिसला की मालक म्हणतो, "हे लोक खिडक्या उघडत नाहीत." भाडेकरू म्हणतो, "भिंतच गळकी आहे." दोघंही न बघता बोलत असू शकतात. ओल ढोबळमानाने तीन प्रकारची. हवेतली वाफ थंड भिंतीवर बसून होणारी ओल बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या कडांना दिसते आणि काळे ठिपके धरते. जमिनीतून चढणारी ओल तळमजल्यावर, फरशीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत, वरच्या कडेला पांढऱ्या क्षारांची रेघ सोडते. गळतीचा डाग पिवळसर तपकिरी, कडा गडद. पाऊस झाला की वाढत असेल तर छप्पर किंवा बाहेरची भिंत, पावसाशी संबंध नसेल तर पाइप.

पहिल्या प्रकारामागचं शास्त्र शाळेतलंच आहे. खोलीत २० अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो सुमारे १४ अंशांवर. भिंतीचा पृष्ठभाग त्याहून थंड झाला की तिथे पाणी धरणार. आर्द्रता ६० टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १२ अंशांवर उतरतो. म्हणजे आंघोळ, स्वयंपाक आणि आत वाळत घातलेले कपडे हे भाडेकरूच्या हातात. भिंत इतकी थंड का पडते आणि बाथरूमचा पंखा का चालत नाही हे मालकाच्या. बहुतेक घरांत दोन्ही कारणं एकत्र असतात. त्यामुळे तुमच्या टिपणात 'भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे बुरशी' असा निकाल लिहू नका. लिहा: कुठली भिंत, बाहेरची की आतली, जमिनीपासून किती उंचीवर, डाग किती मोठा, पंखा चालतो का, खिडकी उघडते का की रंगाने चिकटली आहे, कपाट भिंतीला टेकून आहे का, बाहेर त्याच जागी पाइप उतरतो का. कुठलंही यंत्र विकत न घेता एक चाचणी करता येते: ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा कोरड्या केलेल्या भिंतीवर चारी कडांनी चिकटवून दिवसभर, जमलं तर दोन दिवस ठेवायचा. पाणी खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. कोर्टात टिकणारा पुरावा नव्हे, पण कुणाला बोलवायचं, प्लंबरला की गवंड्याला, एवढं ठरवायला पुरते.

घाईने दिलेल्या निकालाची किंमत काय असू शकते त्याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. रोचडेल गावात आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घकाळच्या संपर्कामुळे त्याला श्वसनाचा गंभीर विकार झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांनी काढला. वडिलांनी बुरशीची पहिली तक्रार २०१७ मध्ये केली होती. तेव्हा त्यांना त्यावर रंग मारून घ्यायला सांगितलं गेलं होतं. त्यानंतर त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक गृहसंस्थांना, म्हणजे कमी भाड्यात घरं देणाऱ्या नगरपालिका आणि ना-नफा संस्थांना, तातडीचा धोका २४ तासांत हाताळावा लागतो आणि ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची पाहणी कामकाजाच्या १० दिवसांत करावी लागते. तुमच्या टेबलावर तक्रारीचा फोन येईल तेव्हा तारीख, वेळ, तक्रार त्यांच्याच शब्दांत आणि घरात लहान मूल किंवा दम्याचा पेशंट आहे का, एवढं लिहून घ्या. मग साहेबांना द्या. निकाल द्यायला ते बसलेत.

एक अवघड प्रसंग तुमच्या वाट्याला नक्की येणार. मालक फोनवर हळूच म्हणेल, "अमुक लोकांना देऊ नका हं." कधी धर्म असेल, कधी प्रांत, कधी एकटी बाई, कधी लहान मुलं. बऱ्याच देशांत यातलं पुष्कळसं बेकायदा आहे. अमेरिकेत ११ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याच्या आत, वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारायला बंदी करणारा कायदा झाला. १९७४ मध्ये त्यात लिंग आलं, १९८८ मध्ये अपंगत्व आणि मुलंबाळं असलेली कुटुंबं. तिथे उत्पन्न सारखं पण पार्श्वभूमी वेगळी अशा दोन माणसांना एकामागून एक एजन्सीत पाठवून वागणूक तपासतात. सुट्टीतल्या विद्यार्थिनीने मालकाशी वाद घालावा अशी माझी अपेक्षा नाही. पण चौकशा ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने लिहा, सगळ्यांना तेच चार प्रश्न विचारा, आणि मालकाचं ते वाक्य साहेबांना लेखी कळवा. घर 'आत्ताच गेलं' असं खोटं मात्र सांगू नका. ते तुमच्या तोंडून गेलेलं असतं.

किल्ल्यांचं थोडक्यात. किल्लीवर पत्ता कधीच लिहायचा नाही, फक्त सांकेतिक क्रमांक. पत्त्यांची वही वेगळी, कुलपात. किल्ली नेली की वेळ आणि सही, आणली की पुन्हा वेळ आणि सही. पत्ता लिहिलेली किल्ली हरवली की सगळी कुलपं बदलावी लागतात. ऑफिसभर शोधलेली किल्ली नंतर आपल्याच पर्समध्ये सापडण्याचा अनुभवही एकदा घ्यालच, काखेत कळसा.

घर दाखवायला एकटीने जायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. लंडनमध्ये २८ जुलै १९८६ रोजी सुझी लॅम्प्लू ही २५ वर्षांची एजंट एक घर दाखवायला म्हणून ऑफिसातून निघाली. डायरीत गिऱ्हाइकाचं नाव 'मिस्टर किपर' एवढंच लिहिलेलं होतं. ती परत आली नाही, आजवर सापडलेली नाही. तिच्या आईवडिलांनी त्याच वर्षी तिच्या नावाने संस्था काढली, आणि एकट्याने बाहेर फिरून काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेवर ती आजही काम करते. त्यातून आमच्या ऑफिसात आलेले नियम असे: येणाऱ्याचं पूर्ण नाव आणि ओळखपत्र आधी, फोन नंबरवर उलट फोन करून खात्री, कुठे जातोय आणि कधी परतणार हे फळ्यावर, पोहोचल्यावर आणि निघाल्यावर ऑफिसला फोन. घरात गिऱ्हाइकाला पुढे चालू द्यायचं, आपण दाराच्या बाजूला राहायचं, तळघरात किंवा माळ्यावर त्याच्या मागे जायचं नाही. तुमच्या एजन्सीत असा फळा नसेल तर मागा.

बाकी किरकोळ बऱ्याच गोष्टी आहेत. लोकांचे पगाराचे कागद आणि ओळखपत्रांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नका. जाहिरातीत कोपऱ्यात उभं राहून खोली मोठी दाखवणारा फोटो टाकला की बघायला येणारे वाढतात आणि घेणारे तेवढेच राहतात. तुम्हीच काढलेले फोटो उचलून कुणीतरी खोटी जाहिरात टाकेल आणि घर न दाखवता आगाऊ पैसे मागेल. अशा माणसाचं फसलेलं गिऱ्हाईक सामान घेऊन तुमच्याच दारात येईल तेव्हा त्याला पाणी द्या, बसवा, आणि पोलिसांत तक्रार करायला मदत करा.

बायोडेटात 'ग्राहकसेवा, संवादकौशल्य, टीमवर्क' असलं लिहू नका. ते सगळ्यांच्यात असतं, वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. पहिल्या दिवसापासून एका वहीत आकडे ठेवा: किती घरं दाखवली, त्यातली किती लागली, किती याद्या केल्या, किती तक्रारी नोंदवून शेवटपर्यंत नेल्या. मुलाखतीत कुणी विचारलं तर एक प्रसंग सांगता आला पाहिजे, शक्यतो तुमच्या चुकीचा. मी माणसं घेतो तेव्हा तोच विचारतो.

आणि एक विनंती पहिल्याच आठवड्यात साहेबांना करा. स्वतः एकही यादी करण्याआधी, कुणीतरी घर सोडून जात असेल तिथे तुम्हाला न्या म्हणावं, दोन-तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी केलेली यादी हातात घेऊन. एकेक रकाना वाचत त्या घरात फिरा. तिथे 'ठीक' किती ठिकाणी लिहिलंय ते मोजा, आणि त्या प्रत्येक वस्तूसमोर उभं राहून ती तेव्हा कशी असेल हे सांगायचा प्रयत्न करा.